सत्तेचाळिसावी ओळ

पाणक्याला त्याच्या खऱ्या नावानं हाक मारणारी माणसं दोनच उरली होती: त्याची आई आणि डेपोतला हजेरी घेणारा कारकून. बाकी सगळे त्याला पाणक्याच म्हणत, आणि त्याला त्याचं वाईट वाटत नसे. मनातून बरंच वाटे. कारण पाणवठा त्याचा होता.

पाणवठा म्हणजे इंटरनेटवरचं एक पान. शहरात आणि आजूबाजूला मुक्त सॉफ्टवेअरचं वेड लागलेली सत्तरएक माणसं होती. म्हणजे असं सॉफ्टवेअर, की ज्याचा कोड कुणालाही उघडून वाचता येतो, बदलता येतो, दुसऱ्याला देता येतो. त्यांत शाळामास्तर होते, एक नर्स होती, एक सायकली दुरुस्त करणारा होता. प्रत्येकाचा आपापला ब्लॉग होता, आणि कुणाच्या ब्लॉगकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. नऊ वर्षांपूर्वी पाणक्यानं हे सगळे ब्लॉग एका जागी आणले. कुणी काही नवं लिहिलं, की तासाभरात ते पाणवठ्यावर आपोआप झळकायचं. तेव्हापासून ही माणसं एकमेकांचं वाचू लागली, भांडू लागली आणि महिन्यातल्या दोन रविवारी सायकलवाल्याच्या दुकानावरच्या खोलीत जमू लागली.

आतली व्यवस्था अगदी साधी होती. एक फाइल, तिच्यात यादी, एका ओळीवर एक माणूस: टोपणनाव आणि ब्लॉगचा पत्ता. ओळीच्या सुरुवातीला फुली घातली की यंत्र ती ओळ सोडून देई आणि तो माणूस पाणवठ्यावरून नाहीसा होई. फुलीपुढं दोन शब्दांचा शेरा लिहायची सोय होती. फाइल सगळ्यांना उघडी होती, पण फुली घालायचा अधिकार एकट्या पाणक्याला.

दिवसा तो बस डेपोच्या वेळापत्रक विभागात बसायचा. तिथंही याद्याच होत्या. एखादी गाडी चालक नसल्यामुळं रद्द करावी लागली, तर तो तक्त्यावर लिहून ठेवी, 'रद्द. विचारल्यास गाडी नादुरुस्त असल्याचे सांगणे.' खिडकीवरची बाई तसं सांगे, उतारू कुरकुर करून घरी जात. ह्यात कुणाचं काही बिघडतं असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

पाणवठ्यावर सगळ्यांत वडील माणूस म्हणजे कानामात्रा काका. चौतीस वर्षं त्यांनी एका वर्तमानपत्रात मुद्रितं तपासली होती. निवृत्त झाल्यावर कॉम्प्युटर शिकले आणि फॉन्टांच्या नादी लागले. दुसऱ्यांचे लेख वाचून ते खाली प्रतिक्रिया टाकत, 'लेख उत्तम. तिसऱ्या ओळीत माहितीचा हि पहिला हवा.' लोक वैतागत, हसत, आणि गुपचूप दुरुस्ती करत. काकांच्या स्वतःच्या लेखांखाली मात्र एकच व्यक्ती नेमानं लिही. काकू. त्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये ऑपरेटर होत्या, बोलण्यात कुणाला हार जात नसत. 'आधी दूध आणा, मग अक्षरं जोडा,' असं काहीतरी त्या लिहीत, आणि ते वाचायलाच निम्मी मंडळी काकांचा ब्लॉग उघडत.

मग काकूंच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. जीव वाचला, पण उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सगळ्या शब्दांमधून चार शब्द मागं राहिले: हो, नाही, बस, आणि अगंबाई.

काका तीन महिने गप्प होते. नंतर त्यांनी पुन्हा लिहायला घेतलं, पण आता फॉन्टांबद्दल नाही. 'आज तिनं दोनदा हो म्हटलं.' 'आज चमचा डाव्या हातानं धरला.' 'बेडपॅनची सवय कुणालाच होत नाही.' लेख लांबलचक असत, आणि आठवड्याला तीन-तीन येत. पाणक्या पहिला परिच्छेद वाची, त्याला कसंतरी होई, आणि तो पुढच्या लेखाकडं वळे.

एके दिवशी त्याला सर्व्हरवाल्याचा फोन आला. सर्व्हरवाला म्हणजे एका कंपनीतला हुशार, गोड बोलणारा माणूस. पाणवठा चालायला कंपनीच्या सर्व्हरचा एक कोपरा त्यानंच मिळवून दिला होता.

"पाणकेराव, पुढच्या आठवड्यात आमच्या साहेबांना पाणवठा दाखवायचाय," तो म्हणाला. "पण उघडलं की पहिलंच काय, तर बेडपॅन. जरा बघा ना काहीतरी."

"बघतो की," पाणक्या म्हणाला.

काकांना एक फोन केला असता तर भागलं असतं. पण तो फोन करायचं पाणक्याच्या जिवावर आलं. काय सांगणार? तुमच्या बायकोचं आजारपण आवरतं घ्या? त्याऐवजी त्यानं जेवणाच्या सुटीत फाइल उघडली, सत्तेचाळिसाव्या ओळीपुढं फुली घातली आणि डेपोतल्या सवयीनं शेरा लिहिला. सगळं मिळून अर्धा मिनिट लागलं. साहेबांनी पाणवठा पाहिला, मान डोलावली, आणि पाणक्या फुली विसरून गेला.

आठवड्यानं काकांचा फोन. "अरे पाणक्या, माझे लेख दिसत नाहीत रे. माझ्याकडून काही चुकलं का?"

तेव्हासुद्धा वेळ गेलेली नव्हती. पण तोंडातून निघालं ते भलतंच. "तुमचं फीड बिघडलंय काका. ब्लॉगमधून लेख बाहेर पाठवणारा भाग असतो ना, तो. तुमच्याच बाजूला काहीतरी असणार."

"असं होय," काका म्हणाले. "मग शोधतो."

आणि ते शोधायला बसले. चौतीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधलेला माणूस, स्वतःची चूक न सापडता कसा उठेल? काकूंच्या पलंगाशेजारी टेबल लावून ते रोज दोन-तीन तास खपू लागले. दर चार दिवसांनी पाणक्याला त्यांची ईमेल यायची, मुद्द्यांना आकडे घातलेली. 'एक, तारखेची पद्धत बदलून पाहिली. दोन, शीर्षकातली अवतरणचिन्हं काढली. तीन, अजून दिसत नाही.' पाणक्या दोन ओळींत उत्तर देऊन वेळ मारून नेई. रविवारी काका वही घेऊन येत. सायकलवाला दोन रविवार दुकान बंद ठेवून त्यांच्याबरोबर बसला. त्याच्या काळ्या पडलेल्या बोटांत पेन्सिल, काकांच्या हातात भिंग, दोघं पडद्यावरची ओळ न् ओळ बघताहेत, आणि त्यांच्यामागं पाणक्या उगाच खुर्च्या सारख्या करतोय.

"ब्लॉगच नव्या जागी हलवून बघा ना काका," एकदा तो म्हणाला. काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाला. निदान महिनाभर काकांचं तोंड बंद होईल, हा हिशोबही त्यात होता, हे त्याचं त्याला ठाऊक होतं.

काकांनी ब्लॉग हलवला. तेवढ्यासाठी तीन आठवडे घातले. पाणक्यानं यादीत त्यांचा नवा पत्ता घातला आणि फुली तशीच ठेवली.

चौथ्या महिन्यात एका रविवारी काका उभे राहून म्हणाले, "माझ्या बाजूला काही उरलं नाही. आता मला वाटतं दोष पाणवठ्यातच कुठंतरी आहे. पाणक्याला एवढ्या कामातून वेळ होत नाही, तर मीच फाइल वाचायला घेतो. पहिल्यापासूनचे सगळे बदल."

"वाचा की काका! उघडीच तर आहे," चारदोन जण म्हणाले. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या.

फाइल उघडी आहे हे पाणक्यालाच ठाऊक नव्हतं का? सगळ्यांना तोच अभिमानानं सांगत आला होता, की आपल्याकडं काही लपलेलं नसतं. कुणी, कधी, काय बदललं ते सगळं नोंदलेलं राहतं आणि आधीचं रूपही तिथंच असतं. पण नऊ वर्षांत ती फाइल कुणी उघडून वाचलेली नव्हती. उघडं म्हणजे कुणी न वाचणारं, असंच त्याच्या मनानं धरून ठेवलं होतं.

तो तडक घरी आला. बायको जेवायला वाढून थांबली होती. "आलोच" म्हणून तो कॉम्प्युटरपुढं बसला. त्यानं सत्तेचाळिसाव्या ओळीची फुली आणि शेरा काढला. मग बदलांच्या नोंदींत मागं जाऊन तो बदल झालाच नव्हता असं करून टाकलं. हे करता येतं, पण करायचं नसतं. असं करू नये म्हणून त्यानं स्वतः नवख्यांना दोनदा व्याख्यान दिलं होतं. वीस मिनिटांत सगळं पुसून झालं. भात गार झाला होता.

दुपारी चारला फोन वाजला. "आला रे आला!" काका अक्षरशः ओरडत होते. "माझा लेख पाणवठ्यावर आला! काय केलंस रे?"

"एक बग सापडला काका. छोटासा होता."

"म्हणजे तुझ्याकडंच होता! बघ, मी म्हटलं नव्हतं?" मग आवाज खाली आणून, "रविवार असून घरी जाऊन लगेच बसलास. कुणी कुणासाठी एवढं करत नाही, बाळा."

दुसऱ्या दिवशी काकांच्या ब्लॉगवर लेख आला: 'पाणक्याचे आभार'. लेख तासाभरात पाणवठ्यावर सगळ्यांत वर लागला. त्यात लिहिलं होतं, की चार महिने एका म्हाताऱ्याच्या कटकटीला ह्या माणसानं एकदाही वैतागून उत्तर दिलं नाही. खाली पंचवीस जणांनी दुजोरा दिला होता. नर्सनं लिहिलं होतं, 'पाणक्या आहे म्हणून आपण आहोत.' पाणक्यानं ते डेपोत वाचलं आणि शेजारच्या टेबलावरच्या माणसाला दिसू नये म्हणून पडदा फिरवला. दिवसभर त्याला वाटत होतं, की कुणीतरी मागं उभं आहे.

शुक्रवारी पुन्हा काका. ह्या वेळी आवाज सपाट. "फाइलीची एक प्रत मी तीन आठवड्यांपूर्वी उतरवून घेतली होती, वाचायला. तिची आणि आताच्या फाइलीची जुळणी होत नाही म्हणतंय यंत्र. बग कुठला होता ते लिहून ठेवावं म्हणतो, दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल. उद्या दुपारी येतोस?"

फोन ठेवल्यावर बायकोनं विचारलं, "कोण हो? तुमचा चेहरा असा का झालाय?"

"कुणी नाही. काका. बोलावलंय."

"मग जा की. म्हातारा माणूस एवढं बोलावतोय."

काकांचं घर तळमजल्यावर होतं. बाहेरच्याच खोलीत खिडकीशी काकूंचा पलंग, उशांना टेकून बसलेल्या काकू, मांडीवर टॅब्लेट. टॅब्लेटवर चित्रांचे चौकोन होते. चौकोन दाबला की यंत्रातली बाई ते वाक्य बोलायची. पलंगाला लागून काकांचं टेबल आणि टेबलावर कागदांचे दोन गठ्ठे. काकांनी दोन्ही फायली छापून काढल्या होत्या.

"पडद्यावर मला नीट तपासता येत नाही," ते म्हणाले. "बस. आमच्याकडं प्रत वाचायची पद्धत होती. एकानं मूळ प्रत मोठ्यानं वाचायची, दुसऱ्यानं मुद्रितावर बोट ठेवून बघत जायचं. ही जुनी प्रत तू घे. नवी माझ्याकडं. खूण, टिंब, शेरा, सगळं वाचायचं. मनाचं घालायचं नाही, मनानं गाळायचं नाही."

पाणक्या वाचू लागला. एक. दोन. तीन. टोपणनाव, पत्ता, टोपणनाव, पत्ता. काकांची पेन्सिल कागदावरून सरकत होती. बाराव्या ओळीला फुली होती. 'फुली. शेरा, परगावी, परत आल्यावर चालू करणे.' "जुळलं," काका म्हणाले. वीस. तीस. पान उलटलं आणि खाली त्याला ती ओळ दिसली. तिथपर्यंत पोचायला अजून नऊ ओळी होत्या. त्या नऊ ओळींत त्यानं विचार केला. नव्या प्रतीत शेरा नाही. जुनी माझ्या हातात आहे. मी नुसतं नाव आणि पत्ता वाचला, तर जुळेल.

"सत्तेचाळीस," तो म्हणाला. "कानामात्रा." मग पत्ता. मग श्वास न घेता, "अठ्ठेचाळीस."

पेन्सिल थांबली.

"थांब. सत्तेचाळिसाव्या ओळीत काहीतरी राहिलं."

"नाही काका."

काकांनी मान वर केली नाही. "राहिलंय. पुन्हा वाच."

खोलीत घड्याळ नव्हतं, पंखा बंद होता. पाणक्यानं कागद जवळ धरला, जणू अक्षर लागत नव्हतं, आणि वाचलं:

"फुली. कानामात्रा. शेरा, म्हाताऱ्याचं रडगाणं. कायमचं बंद. विचारल्यास फीड बिघडल्याचे सांगणे."

"अगंबाई," पलंगावरून काकू म्हणाल्या.

काकूही हे ऐकत आहेत, हे त्याच्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कागद खाली ठेवावा की धरून राहावं, तेही त्याला सुचेना.

"तुम्ही... कधी वाचलंत?"

"परवा संध्याकाळी," काका म्हणाले. "मला वाटलं चष्म्यावर काही आलंय. चष्मा पुसला. तेच होतं."

"मग मला कशाला वाचायला लावलंत?"

"कारण मला वाटलं, तुम्ही वाचाल."

आजवर काकांनी त्याला कधी तुम्ही म्हटलं नव्हतं.

"काका, चुकलो. माझी चूक झाली."

"चूक वेगळी," काका म्हणाले. आवाज चढला नव्हता. मुद्रितावर खूण करताना बोलावं तसे ते बोलत होते. "चूक नजरेतून सुटते. हे तुम्ही नजर ठेवून लिहिलंत. आणि रविवारी नजर ठेवून पुसलंत." त्यांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. "रडगाणं म्हणालात त्याचं मला तितकंसं काही नाही. असेलही. लोकांचं लिखाण मी तपासलं, माझं तपासायला कुणी नव्हतं. तुम्ही एका शब्दानं सांगितलं असतंत, तर मी कमी लिहिलं असतं. नाहीतर पाणवठ्यावर न लिहिता नुसतं घरी लिहिलं असतं. पण तुम्ही ब्लॉग हलवायला सांगितलात."

"हो."

"हलवताना लेख आले. प्रतिक्रिया आल्या नाहीत. जुनी जागा बंद झाली. मला तेव्हा कळलं नाही, महिन्यानं बघितलं. तिच्या एकोणीस होत्या." ते पलंगाकडं न बघता म्हणाले. "बोलता येत होतं तेव्हाचं तिचं लिहिलेलं दुसरं काही आमच्याकडं नाही. फोनवर बोलणारी बाई. पत्रं कुठली लिहितेय."

'मी शोधतो', 'मी परत मिळवतो', असलं काहीतरी पाणक्याच्या तोंडी येत होतं. पण त्या तोंडानं काकांना आणखी एक आश्वासन द्यायची त्याला लाज वाटली.

तेवढ्यात टॅब्लेटमधली बाई बोलली. स्वच्छ, सपाट, बस स्थानकावर घोषणा करतात तशा आवाजात:

"मला राग आला आहे."

दोघांनी वळून बघितलं. काकूंचं डावं बोट चौकोनावर होतं आणि डोळे पाणक्यावर.

"हे तिनं आजवर दाबलं नव्हतं," काका चकित होऊन म्हणाले. क्षणभर ते बाकी सगळं विसरले. त्यांनी टेबलावरची छोटी डायरी ओढली, मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि वेळ लिहून घेतली. "इतके महिने शिकवतोय. पाणी, ऊन, पाय दुखतो, एवढंच दाबायची."

"मला राग आला आहे," काकूंनी पुन्हा दाबलं.

"हो," काका म्हणाले. "हो गं. कळलं त्यांना."

पाणक्या उठला. चपला घालताना त्याला पट्टा सापडेना, आणि वाकून पट्टा शोधायला जो वेळ गेला, तो त्याला पुढं कित्येक दिवस आठवत राहिला. दारापर्यंत आलेल्या काकांनी एवढंच म्हटलं, "मला परत यादीत ठेवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही बघा. पण सायकलवाल्यानं दोन रविवार दिलेत. ब्लॉग हलवायला नर्स बाईंनी एक रजा घालवली. त्यांना तरी खरं सांगा."

घरी येऊन त्यानं बायकोला सगळं सांगितलं. काही न गाळता सांगितलं, बेडपॅनपासून चपलेपर्यंत. तिनं भाजी निवडत ऐकून घेतलं.

"मला सांगितलंत ते बरं केलंत," ती शेवटी म्हणाली. "पण मी काय करू त्याचं? मी काही तुमच्यावर चार महिने विश्वास ठेवून बसले नव्हते. जे बसले होते त्यांना सांगा." आणि थोड्या वेळानं, "काकूंसमोर वाचलंत?"

"हो."

"अरे देवा," ती म्हणाली, आणि आत निघून गेली.

पुसलेला बदल परत जसाच्या तसा लावायचा, तर अस्सल प्रत आता काकांकडंच होती. ती मागायला लागली. त्यानं एका ओळीची ईमेल लिहायला अर्धा दिवस घेतला. काकांनी दहा मिनिटांत फाइल पाठवली, सोबत एक अक्षरही नव्हतं. पाणक्यानं ती चढवली. फुली, शेरा, तारीख, वेळ, सगळं पुन्हा जिथल्या तिथं, आणि त्याच्यापुढं आपण ते पुसल्याचीही नोंद.

पुढच्या जमायच्या रविवारी दुकानावरच्या खोलीत तो उभा राहिला. लिहून आणलेला कागद त्यानं खिशातून काढलाच नाही. वाचून दाखवायची त्याला आता धास्ती वाटत होती. तो तसाच बोलला. शेरा मात्र शब्दशः सांगितला. मधेच कुणाच्या तरी फोनवर गाणं वाजलं आणि त्या माणसानं तो घाईनं बंद केला.

बोलून झाल्यावर सायकलवाल्यानं विचारलं, "म्हणजे आम्ही दोन रविवार जे शोधत होतो, ते नव्हतंच?"

"नव्हतं."

"बरं," सायकलवाला म्हणाला. त्यानं हात फडक्याला पुसले आणि तो खाली दुकानात गेला. शिव्या दिल्या असत्या तर पाणक्याला सोपं गेलं असतं.

सर्व्हरवाला जिन्यात त्याच्या खांद्यावर हात ठेवून हसला. "एवढं काय मनाला लावून घेता? मी तर नुसतं बघा म्हटलं होतं. होतं असं." पाणक्याला तो हात झटकून टाकावासा वाटला. आपणही चार महिने अगदी असेच हसत होतो, हे त्याच्या लक्षात आलं, आणि तो कानकोंडा होऊन खाली उतरला.

फाइलीचं काम त्यानं सोडलं. कुणी सोडायला सांगितलं नव्हतं, पण राहा असंही कुणी म्हटलं नाही. आता ते नर्स आणि सायकलवाला बघतात. फुली घालायची झाली तर दोघांची संमती लागते, आणि आधी त्या माणसाला फोन. नियम एका ओळीचा आहे, आणि तो करताना पाणक्याचं नाव कुणी काढलं नाही. सगळ्यांनी मुद्दाम काढलं नाही.

मग त्यानं काकांचे लेख वाचायला घेतले. एकेचाळीस होते. डेपोत जेवणाच्या सुटीत दोन-दोन असे वाचत गेला. प्रत्येक लेखाच्या अगदी शेवटी, जिथवर तो कधी गेलाच नव्हता, तिथं काकांनी त्या टॅब्लेटवरच्या चौकोनांच्या बोलत्या पाटीची माहिती दिली होती. किती चौकोन ठेवले, केवढे, किती वेळ दाबलं की आवाज यावा, डाव्या हाताला कुठला कोपरा पोचत नाही. ती पाटी मुक्त सॉफ्टवेअरचीच होती, आणि काकांनी तिच्यात केलेले बदल कुणालाही घेता यावेत असे बांधून ठेवले होते. पाणवठा ज्यासाठी होता, ते ह्या एकेचाळीस लेखांच्या तळाशी पडलेलं होतं.

सव्विसावा लेख वाचताना त्याला आणखी एक गोष्ट आठवली. वाचा गेलेल्या माणसांना बोलणं शिकवणाऱ्या एका बाईंनी पाणवठ्याच्या पत्त्यावर ईमेल करून विचारलं होतं, की तो ब्लॉग कुठं गेला? त्यांनाही त्यानं 'फीड बिघडलंय' असंच उत्तर दिलं होतं. ते उत्तर त्यानं शोधून काढलं. शेवटी 'तसदीबद्दल क्षमस्व' असं होतं. त्यानं बाईंना खरं काय ते लिहिलं आणि काकांचा नवा पत्ता दिला.

काकूंच्या प्रतिक्रिया त्यानं दोन महिने शोधल्या. जुन्या ब्लॉग कंपनीला लिहिलं, जुन्या प्रती साठवणाऱ्या ठिकाणांवर धुंडाळलं, ओळखीपाळखीच्या लोकांना विचारलं. पाणवठा फक्त लेख उचलायचा, त्यांच्याखालचं काही उचलत नसे. तशी रचना त्यानंच केली होती. एकही प्रतिक्रिया सापडली नाही. नाही सापडल्या, हे त्यानं काकांना कळवलं. काकांचं उत्तर आलं, 'कळलं.'

पाच महिन्यांनी एका रविवारी त्या शिकवणाऱ्या बाई येणार होत्या आणि काका सगळ्यांना पाटी दाखवणार होते. पाणक्या आता मागच्या रांगेत बसे. तो जरा लवकरच आला, तर जिन्याच्या तोंडाशी काका उभे होते, आणि चाकांच्या खुर्चीत काकू. जिना अरुंद, वर अठरा पायऱ्या. सायकलवाल्यानं पुढून एक बाजू धरली होती, नर्सनं दुसरी. मागं काका, आणि त्यांच्या जोडीला कुणी नव्हतं.

पाणक्या थबकला. परत फिरावं असं त्याला फार वाटलं. कुणी त्याला बोलावलं नाही, आणि कुणी नकोही म्हटलं नाही.

त्यानं पिशवी जमिनीवर ठेवली आणि मागची दुसरी बाजू धरली.

"उजवा हात जपून," काका त्याच्याकडं न बघता म्हणाले. "तिला त्या हाताचं कळत नाही. भिंतीला घासला तरी सांगणार नाही. तुम्ही तो बघा."

"बघतो," पाणक्या म्हणाला.

काकूंनी मान थोडी वळवून, तो कोण आहे ते बघून घेतलं. टॅब्लेट त्यांच्या मांडीवरच होता. त्यांचं डावं बोट त्याच्या काचेवर आलं, थोडा वेळ तिथं राहिलं आणि उचललं गेलं. चौघांनी खुर्ची उचलली. ती वाटली होती त्याहून जड होती. पाणक्यानं एका हातानं चौकट पेलली, दुसरा तळवा काकूंचा हात आणि भिंत यांच्यामध्ये धरला, आणि ते पायरी-पायरी वर चढू लागले. तिसऱ्या पायरीला भिंतीवरचा खडबडीत गिलावा त्याच्या बोटांच्या पेरांवरून घासत गेला. त्यानं हात काढला नाही.